उघड्या डोळ्यांचं शवासन

फाळणी झाली त्याच्या पुढच्या वर्षी त्र्यंबक मेहेंदळेची ठाण्याच्या कचेरीतून कल्याण कॅम्पात बदली झाली. लढाईच्या काळात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकी तिथे ओस पडल्या होत्या. त्यांत आता सिंधमधून बोटीने आलेली माणसं राहत होती. एकेका बराकीत कितीतरी कुटुंबं, मध्ये आडोशाला गोणपाटाचे पडदे. त्र्यंबकला बसवलं हरवलेल्या माणसांच्या खिडकीवर. कोणाची आई कराचीच्या बंदरात मागे राहिलेली, कोणाचा मुलगा मुंबईच्या धक्क्यावर गर्दीत हात सुटून गेलेला. लोक सांगायचे, तो लिहून घ्यायचा आणि दुसऱ्या छावण्यांकडे चौकशी करायचा. उत्तरं क्वचितच यायची.

ठाण्याला तो जमिनीच्या नोंदींच्या कामाला होता. तिथेही लोक भांडायचे, रडायचे, पण ते बांधावरून नाहीतर वाटणीवरून. संध्याकाळी कचेरीला कुलूप लागलं की ते सगळं आत राहायचं. इथलं मात्र आत राहीना. ते त्याच्याबरोबर डोंबिवलीला घरी यायचं.

जेवायला बसला की घास घशाखाली उतरायचा नाही. उतरलाच तर छातीत आग पडायची.  रात्री डोळा लागतो न लागतो तोच तो दचकून उठायचा. त्याची बायको सुमती उठून पाणी द्यायची, पाठीवरून हात फिरवायची आणि तो परत आडवा होईपर्यंत बसून राहायची. त्यांची मुलगी शुभदा दुसरीत होती. एकदा तिच्या हातून ताटली पडली, तेव्हा त्र्यंबक असा काही ओरडला की पोरगी स्वयंपाकघरात जाऊन दाराआड उभी राहिली. त्यानंतर बाबा घरात असले की ती चवड्यांवर चालायची. तिला तसं कोणी सांगितलं नव्हतं.

"अहो, बदली मागून बघा ना," सुमती म्हणायची.

"सगळेच मागतायत गं," तो म्हणायचा आणि विषय संपायचा.

खिडकीवर एक बाई रोज यायची. चाळिशीच्या आसपासची, पांढरी ओढणी, हातात काही नाही. कराचीला बोटीत चढताना तिची धाकटी बहीण मागे राहिली होती. बाकीचे लोक रडत, भांडत, साहेबांकडे तक्रार नेण्याची धमकी देत. ही बाई तसलं काही करत नसे. रांगेत उभी राहायची, आपली पाळी आली की खिडकीच्या फळीवर हात ठेवायची आणि हळू आवाजात विचारायची, "बाबूजी, कुछ पता चला?" तो मान हलवायचा. ती "अच्छा" म्हणून निघून जायची. त्र्यंबकला वाटायचं, हिने एकदा तरी आरडाओरडा करावा.

मार्गशीर्षातली एक दुपार. सकाळपासून रांग हलत नव्हती. एका म्हाताऱ्याने नातवाचं नाव सांगता सांगता मध्येच थांबून त्र्यंबकलाच विचारलं होतं, की मी कोणाचं नाव सांगत होतो? त्याच्यामागे ती बाई होती. तिने फळीवर हात ठेवला.

"बाबूजी, कुछ पता चला?"

त्र्यंबक उठला आणि त्याने खिडकीची झडप धाडकन खाली ओढली.

लाकडी झडप तिच्या बोटांवर पडली. बाहेर रांगेत कोणीतरी ओरडलं. ती ओरडली नाही. त्याने झडप वर उचलली तेव्हा ती आपल्याच बोटांकडे बघत होती. एका नखाखालून रक्त येत होतं. मग तिने हात ओढणीत गुंडाळला आणि विचारलं, "कल आऊं?"

त्र्यंबक मागच्या दाराने बाहेर गेला आणि बराकीच्या भिंतीशी ओकला. पोटात काही नव्हतं, तरी ओकत राहिला. कचेरीतला शिपाई महिपत मागोमाग आला आणि त्याला खांद्याला धरून उभा राहिला. "मेहेंदळेसाहेब, अहो, बसा खाली, बसा." त्र्यंबकला बसताही येईना. डावा हात बधिर झाला होता आणि श्वास अर्ध्यावरच अडकत होता. आपण आता मरणार, असं त्याला अगदी स्वच्छ वाटलं. त्याचं वाईटही वाटलं नाही, इतका तो दमला होता.

साहेबांनी त्याला रजेवर घरी पाठवलं. बाईच्या हाताला कॅम्पातल्या दवाखान्यात पट्टी बांधली. तक्रार तिने केली नाही.

डोंबिवलीच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, दंडाला पट्टा बांधून ब्लडप्रेशर पाहिलं, परत पाहिलं.

"हृदय ठीक आहे," ते म्हणाले. "प्रेशर मात्र तुमच्या वयाला शोभत नाही. झोप येण्यासाठी मिक्श्चर देतो. पण हे बघा, मी झोपवू शकतो, निवांत करू शकत नाही. कल्याणला पारनाक्याजवळ विश्रामराव कर्णिक म्हणून आहेत. योगासनं शिकवतात. त्यांच्याकडे जा."

"आसनं?" त्र्यंबक म्हणाला. "मला इथून दारापर्यंत चालवत नाही."

"मलाही त्यातलं फार कळत नाही. पण त्या माणसाचं दुखणं मी पाहिलंय आणि आताची तब्येतही पाहतोय. औषध मात्र सोडायचं नाही. जाऊन तर या."

सुमतीनेच त्याला पाठवलं. सकाळी लवकर उठून तिने त्याला तांदळाची कण्हेरी पाजली, धुतलेली सतरंजी घडी करून पिशवीत घातली आणि स्टेशनपर्यंत सोडायला आली.

विश्रामरावांचा वर्ग एका जुन्या व्यायामशाळेच्या माडीवर भरायचा. खाली तरुण पोरं जोर-बैठका काढत, मलखांबावर चढत. वर मोजकी प्रौढ माणसं असायची. एक दम्याने बेजार झालेले वकील, एक रेल्वेच्या गुड्स ऑफिसातला कारकून, असे दोन-चार. विश्रामराव शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. बारीक अंगाचे, कानांवर केस, आवाज किंचित घोगरा. त्र्यंबकला वाटलं होतं, आता हे आपल्याला डोक्यावर उभं करणार. त्यांनी त्याला सतरंजी अंथरायला सांगितली आणि म्हणाले, "उताणे पडा."

"एवढंच?"

"एवढं जमलं तर पुष्कळ. हात अंगापासून जरा दूर. तळवे वर. डोळे मिटा. आता पायांपासून एकेक अवयव सैल सोडत या."

त्र्यंबकने डोळे मिटले. पाय सैल सोडायच्या आधीच त्याला लाकडी फळी दिसली आणि तिच्यावरचा हात दिसला. मग मागची सगळी रांग दिसली. कचेरीत तो त्या माणसांची नुसती नावं लिहायचा. इथे त्यांचे चेहरे आले. तो म्हाताराही आला. त्र्यंबक ताडकन उठून बसला. सदरा घामाने पाठीला चिकटला होता. त्याने सतरंजी गुंडाळली आणि कोणाशी न बोलता जिना उतरून खाली आला.

वहाणा घालत होता तेव्हा विश्रामराव मागून आले.

"काय झालं?"

"हे मला जमणार नाही. डोळे मिटले की..." त्याने दुसरी वहाण पायात ओढली.

विश्रामराव पायरीवर बसले. काय दिसलं, असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "डोळे मिटायला मी सांगितलं. चुकलं माझं. उद्या उघडे ठेवा."

"उघडे? चालतं का तसं?"

"न चालायला काय झालं? आढ्याकडे बघत पडा. वाशांवर कोळिष्टकं आहेत, ती बघा. मेहेंदळे, माझ्या पोटातून रक्त जायचं. शाळेत मी पोरांना फार मारायचो आणि घरी येऊन पोट धरून बसायचो. मला एकाने हे शिकवलं तेव्हा मीही पहिल्या दिवशी पळून गेलेलो. या उद्या."

तो दुसऱ्या दिवशी गेला, ते केवळ सुमतीला काय सांगायचं हे सुचलं नाही म्हणून. माडीवर तो उघड्या डोळ्यांनी पडला. वरच्या वाशांमध्ये एक पारवा बसला होता. खालून पोरांचे हुंकार येत होते. विश्रामराव मधूनच जवळ येऊन हळू बोलायचे, "श्वास सोडा. घ्यायची काळजी तुम्ही करू नका, तो आपला येतो. तुम्ही फक्त सोडा. अजून सोडा. आहे अजून आत." आणि खरंच असायचा अजून आत. मग कधीतरी त्यांनी त्याला मांड्या पोटाशी घ्यायला शिकवलं, वाकायला शिकवलं, पालथं पडून छाती उचलायला शिकवलं. त्याला जेवढं येईल तेवढंच ते करून घेत. वकील एकदा चेष्टेने म्हणाले, "गुरुजी, हा मनुष्य तुमच्याकडे झोपायला येतो." विश्रामराव म्हणाले, "त्याचसाठी येतो तो."

रजा संपेपर्यंत त्याच्या छातीतली आग बरीच निवली. मऊ भात खाल्ला की पचायला लागला. डॉक्टरांनी पट्टा बांधून पाहिलं आणि "उतरतंय" एवढंच म्हणाले. एका पहाटे त्याला जाग आली ती चिमण्यांच्या आवाजाने. रात्रभर आपण उठलोच नाही, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. शेजारी सुमती जागी होती आणि त्याच्याकडे बघत होती.

"घोरत होतात," ती म्हणाली आणि चूल पेटवायला उठून गेली.

कामावर गेला त्या दिवशी त्याने खिडकीची झडप दोन्ही हातांनी जपून वर केली. ती बाई रांगेत होतीच. बोटांवरची पट्टी निघाली होती, एक नख काळं पडलं होतं. तिने हात फळीवर ठेवला नाही, ओढणीत ठेवला.

तिने विचारायच्या आधीच तो उभा राहिला. "बहेनजी, उस दिन मैंने... माफ करना."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "आप बीमार थे?"

"हां."

"अच्छा," ती म्हणाली. मग नेहमीसारखंच विचारलं, "कुछ पता चला?"

"नहीं."

ती गेली. माफ केलं की नाही, ते तिने सांगितलं नाही आणि त्यानेही पुन्हा विचारलं नाही. एक मात्र झालं. पुढे ती येईल तेव्हा तो तिला आतल्या बाकावर बसायला सांगायचा. कधी ती बहिणीबद्दल बोलायची. बहीण रांगोळी फार चांगली काढायची, तिला गोड आवडायचं नाही, असलं काहीतरी. त्र्यंबक ऐकायचा. ऐकता ऐकता छाती आवळली की तो खुर्चीच्या पाठीला टेकून श्वास सोडायचा, अजून सोडायचा. दुःख कमी होत नव्हतं, पण त्याला ते ऐकता येत होतं. उन्हाळ्यात त्या बाईचं कुटुंब पिंपरीच्या छावणीत गेलं. जाताना ती नवा पत्ता देऊन गेली. कळवण्यासारखं काही त्याच्या हाती कधीच आलं नाही.

संध्याकाळी कामावरून सुटल्यावर तो माडीवर जायचा आणि तिथून घरी. घरात आता थोडं बोलणं सुरू झालं होतं. शुभदा पाढे मोठ्याने म्हणायला लागली होती. आपण या दुखण्यातून उठलो, असं त्र्यंबकला वाटायला लागलं होतं, आणि नेमकी तेव्हाच सुमती आजारी पडली.

विहिरीवरून पाणी आणताना ती वाटेतच खाली बसली. हंडा कलंडला, तिने सावरलाही नाही. शेजारच्या वासंतीवहिनींनी तिला धरून घरी आणलं. ताप नव्हता, खोकला नव्हता. पण तिला उठता येत नव्हतं. केस विंचरायला हात वर केला तरी तो खाली पडायचा. डॉक्टर आले. त्यांनी तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, दंडाला पट्टा बांधला.

"अंगात रक्त नाही यांच्या," ते म्हणाले. "किती दिवस झाले नीट जेवून?"

सुमतीने मान फिरवली.  ती काय जेवते, कधी जेवते, हे त्र्यंबकने वर्षभरात पाहिलं नव्हतं.

डॉक्टर गेल्यावर तो तिच्या उशाशी बसला. "तू बोलली का नाहीस?"

"कोणाशी?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "तुम्ही उठलात की मी उठायची. मग तुम्ही झोपायला लागलात. मला वाटलं, चला, आता मीही झोपेन. पण झोपच येईना. तुमच्या श्वासाकडे कान लावून पडायची सवय झालेली. घोरणं थांबलं की वाटायचं, उठले बहुतेक. पाणी घेऊनच बसून राहायची."

 त्र्यंबकला एकच गोष्ट माहीत होती, ती तो बोलला. "सुमती, हे बघ, उताणी पड. हात जरा दूर ठेव. श्वास सोड, घ्यायची काळजी..."

"मला ते सांगू नका," ती भिंतीकडे वळत म्हणाली. "तांदूळ निवडायचे राहिलेत. ते निवडता येत असतील तर निवडा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो माडीवर गेला, पण सतरंजी न घेता. वर्ग सुटेपर्यंत थांबला आणि विश्रामरावांना सगळं सांगितलं. "तिला इथे घेऊन येऊ का? नाहीतर तिच्यासाठी एखादं आसन सांगा."

"घरी पाणी कोण भरतंय सध्या?" विश्रामरावांनी विचारलं.

"वासंतीवहिनी दोन हंडे आणून देतात."

"आणि स्वयंपाक?"

 सकाळचा स्वयंपाक सुमतीनेच भिंतीला टेकून कसाबसा केला होता.

"मग आसन कशाला मागताय?" विश्रामराव म्हणाले. "मेहेंदळे, तुम्ही इथे येऊन पडत होतात, कारण मागे घर कोणीतरी धरून होतं. त्यांना पडायचं तर त्यांच्यामागे कोण आहे? काही दिवस इकडे येऊ नका. श्वास काय, चुलीपुढेही सोडता येतो."

त्र्यंबक काही आठवडे गेला नाही. पहाटे उठून विहिरीवर जाऊ लागला. पहिल्या दिवशी बायकांनी तोंडाला पदर लावले, कोणी त्याच्यासाठी रहाट सोडेना. वासंतीवहिनी म्हणाल्या, "अगं, भरू द्या की, कचेरीला जायचंय त्यांना." मग हळूहळू बायकांचं हसणं थांबलं. तो भात लावायला शिकला. भाकऱ्या त्याला कधीच आल्या नाहीत. शुभदा आईच्या अंथरुणाशी बसून सूचना घ्यायची आणि स्वयंपाकघरात येऊन मोठ्याने सांगायची, "बाबा, आई म्हणते मीठ आधी नाही, नंतर." धुरामुळे त्याचे डोळे चुरचुरायचे. कॅम्पातून थकून यायचा, चुलीपुढे बसायचा आणि कधी कधी त्याला जुना राग छातीत चढताना कळायचा. आता कळायचा, हाच काय तो फरक. फुंकणी खाली ठेवून तो थोडा वेळ नुसता बसायचा. एकदा मात्र चिडून त्याने पळी भिंतीवर फेकली. शुभदा जागेवरून हलली नाही. "बाबा, पळी वाकली," ती म्हणाली आणि उचलून आणली.

डॉक्टरांचं लोहाचं औषध चालू होतं, वासंतीवहिनी खजूर आणून देत होत्या. सुमती हळूहळू उठून बसायला लागली. पण झोप तिला येत नव्हती. दिवसाही डोळे उघडे ठेवून पडलेली असायची आणि घरातल्या प्रत्येक आवाजाला मान वळवायची.

एका रविवारी दुपारची जेवणं झाली. भांडी घासून त्र्यंबकने पालथी घातली आणि धोतराला हात पुसत बाहेरच्या खोलीत आला. सुमती भिंतीला टेकून बसली होती.

"ते कसं पडता तुम्ही," ती म्हणाली, "दाखवा बघू."

त्याने सतरंजी आणून अंथरली. तो आडवा झाला. ती शेजारी आडवी झाली. शुभदाही येऊन मध्ये घुसली.

"डोळे मिटायचे?" सुमतीने विचारलं.

"मिटायचे नसतील तर उघडे ठेव."

"उघडेच ठेवते." ती थोडा वेळ वर कौलांकडे बघत राहिली. "एक कौल सरकलंय तिकडे."

"असू दे. श्वास सोड."

"सोडला."

"अजून आहे आत."

तिने सोडला.  बाहेर कोणाच्या तरी अंगणात पापड वाळत घालण्यावरून वाद चालला होता. सुमतीची मान त्या आवाजाकडे वळली, मग परत सरळ झाली. त्र्यंबक तिच्याकडे पाहत नव्हता, फक्त ऐकत होता. तिचा श्वास लांबत गेला, अडखळला, पुन्हा लांबला. शुभदा कंटाळून उठली आणि बाहेर खेळायला गेली. दार वाजलं. सुमती जागी झाली नाही.

दिवेलागणीपर्यंत ती झोपली. उठली ती घाबरून. "अहो, किती वाजले? मला उठवलं का नाही? दूध तापवायचं राहिलं."

"तापवलं."

"उतू गेलं असेल."

"थोडं गेलं," त्र्यंबक म्हणाला.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. चुलीच्या कडेला सांडलेलं दूध तिने पाहिलं, फडकं घेतलं आणि मग ते त्याच्या हातात दिलं. "पुसा. मी जरा दारात बसते," ती म्हणाली.

त्र्यंबक त्यानंतरही कॅम्पातच राहिला. खिडकीवर अर्धा दिवस आणि आत अर्धा दिवस, एवढं मात्र त्याने साहेबांकडून मागून घेतलं. प्रेशरचं दुखणं त्याला कायमचं राहिलं, कधी खाली, कधी वर, आणि औषधही सुटलं नाही. माडीवर तो पुन्हा जायला लागला, जमेल त्या दिवशी. सुमती माडीवर कधी गेली नाही. पण रविवारी दुपारी ती स्वतः सतरंजी अंथरायची, त्याला आणि शुभदाला भांडी घासायला पाठवायची आणि दार ओढून घ्यायची.